कडेवर न घेण्याचे दिवस

मित्रांनो, मला तीन चाकं आहेत, पण मला बैल जुंपत नाहीत. मला दांडा आहे, पण तो धरणारा माणूस फार तर दोन वर्षांचा असतो. आता ओळखलंत ना? मी पांगुळगाडा. निमगाव केतकीच्या एका पानमळ्यात, झुंबरआबांच्या वस्तीवर माझं सगळं आयुष्य गेलं.

आबांचा मुलगा राम उभा राहायला लागला, त्या वर्षी माझा जन्म झाला. गावातल्या सर्जेराव सुतारांनी बैलगाडीच्या कामातून उरलेल्या बाभळीच्या लाकडाची मला चाकं केली. दांडा तासून झाल्यावर त्यांनी तो स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिला. मग पुन्हा घासला, पुन्हा गालावरून फिरवला. आबा म्हणाले, "किती घासताय?" तर सर्जेराव म्हणाले, "लेकराच्या हाताला कुसळ लागलं, तर ते पुन्यांदा दांडा धरत न्हाय."

रामने मला अंगणभर पळवलं. त्याच्या पाठच्या दोन बहिणींनीही पळवलं. नंतर घरात कुणी लहान उरलं नाही आणि माझी रवानगी गोठ्याच्या माळ्यावर झाली. तिथे मी वीस-बावीस वर्षं पडून होतो. एका कोंबडीने माझ्या चाकांमध्ये अंडी घातली, हीच काय ती त्या काळातली मोठी घटना. खाली अंगणात मात्र बरंच काही घडत होतं. रामचं लग्न झालं. रोहिणी सून होऊन आली. तिला मुलगी झाली. तिचं नाव स्वप्नाली, आणि घरात सगळे म्हणायचे सपू. हे सगळं मी माळ्यावरून नुसतं ऐकत होतो.

एकोणीसशे पंच्याण्णव सालची गोष्ट. पोळा नुकताच झाला होता. सपू सतरा महिन्यांची झाली होती आणि अजून चालत नव्हती. रांगायची मात्र अशी, की कोंबड्या बाजूला व्हायच्या. कुणी तिला धरून उभं केलं, तर ती पाय पोटाशी ओढून घ्यायची आणि हात वर करायची. म्हणजे उचला. मग आबा उचलायचे, राम उचलायचा, आणि सगळ्यांत जास्त रोहिणी उचलायची. भाकरी थापायची वेळ सोडली, तर सपू तिच्या कडेवरच असायची.

"रामनं दहाव्या महिन्यात पाऊल टाकलं हुतं," सपूची आजी जयवंताबाई म्हणायची. ती वाईट बोलायची नाही, पण रोज बोलायची.

इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सपूचे पाय वाकवून, ताणून पाहिले आणि त्या हसल्या. "पाय ठणठणीत आहेत हिचे. सगळे उचलून घेताय, मग ही कशाला चालेल?"

त्याच खेपेला त्यांनी रोहिणीलाही तपासलं. रोहिणीला पाचवा महिना होता. घरात दुसरं बाळ येणार म्हणून आनंदीआनंद होता. जयवंताबाई जुनी लुगडी फाडून मऊ दुपटी शिवत बसायची, आणि तिने एक दुपटं शिवून ठेवलं की सपू रांगत येऊन त्यावर बसायची. राम नि आबा रोज संध्याकाळी बाळाच्या नावावरून वाद घालायचे. पण आठवडाभर रोहिणीच्या पोटात दुखत होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आता ओझं उचलायचं नाही. पाण्याची कळशी नाही, पानांची पाटी नाही. आणि या पोरीलाही कडेवर घ्यायचं नाही."

कळशी नि पाटी सोडणं सोपं होतं. तिसरी गोष्ट अवघड होती.

त्या संध्याकाळी सपूने हात वर केले आणि रोहिणीने तिला घेतलं नाही. "न्हाय गं सपे. हितं बाळ हाय. त्याला दुखंल." सपूने आईच्या पोटाकडे पाहिलं आणि हात आणखी वर केले. मग ती इतकी रडली, की गोठ्यातली गायही हंबरायला लागली. आजीने उचललं, तर आजी नको. आबांनी उचललं, तर आबा नको. शेवटी ती आईच्या पायाला मिठी मारून हुंदके देत झोपून गेली.

असं चार-पाच दिवस चाललं. एका सकाळी रोहिणी शेण भरायच्या निमित्ताने गोठ्यात आली आणि भिंतीला टेकून रडू लागली. तिच्या मागोमाग राम आला.

"तिला वाटतंय, मी तिच्यावर रुसलीय," रोहिणी म्हणाली. "रोज माझ्या तोंडाकडं बघती, माझा राग गेला का न्हाय ते. तिला कसं सांगू मी?"

राम तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला. गोठ्याच्या दारात आबा वैरणीचा भारा घेऊन थांबले होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी भारा खाली टाकला, शिडी लावली आणि ते माळ्यावर चढले. मित्रांनो, वीस-बावीस वर्षांनी कुणीतरी माझा दांडा धरला. तेव्हा माझ्या लाकडात काय झालं असेल, ते मला सांगता येणार नाही.

आबांनी मला धुतलं, चाकांत करडईचं तेल घातलं आणि अंगणात आणून उभं केलं. सपू पहिल्या दिवशी मला घाबरली. दुसऱ्या दिवशी तिने लांबून माझ्यावर भाकरीचा तुकडा फेकला. तिसऱ्या दिवशी तो तुकडा परत घ्यायला ती आली आणि आधाराला म्हणून तिने माझा दांडा धरला. मी जरासा सरकलो. ती धपकन बसली. आता रडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ती माझ्याकडे डोळे बारीक करून पाहत राहिली. मग पुन्हा उठली.

दसऱ्यापर्यंत आमची जोडी पक्की झाली. ती मला ढकलत स्वयंपाकघरात न्यायची, गोठ्यात न्यायची, तुळशीभोवती फिरवायची. रोहिणी जिथे जाईल तिथे आम्ही तिच्यामागे. रोहिणी मेथी निवडायला बसली की आम्ही शेजारी थांबायचो आणि सपू निवडलेली नि न निवडलेली मेथी एकत्र करायची. आपल्या आईच्या पोटात कुणीतरी आहे, हे तिला आता मान्य झालं होतं. जेवताना ती भाताचं शीत आईच्या पोटावर चिकटवायची.

"ह्ये कुणाला गं?" रोहिणी विचारायची.

"बाल," सपू सांगायची. मग स्वतःचा फ्रॉक वर करून आपल्याही पोटावर शीत चिकटवायची. तिच्याही पोटात एक बाळ होतं म्हणे.

आजी आता रामचा दहावा महिना विसरून गेली होती. शेजारणींना ती सांगत असे, "आमची सपू गाडा हाकती." पण खरी गोष्ट अशी, की माझा दांडा सुटला की सपू लगेच खाली बसायची. माझ्याशिवाय तिने एकही पाऊल टाकलं नव्हतं. आणि रोहिणीला आठवा महिना लागला होता. दोन लेकरं नि दोन्ही न चालणारी, हे कसं निभायचं, हा घोर तिच्या मनात होताच.

डिसेंबरातली एक दुपार होती. दुसऱ्या दिवशी बाजार असल्यामुळे राम, आबा आणि जयवंताबाई तिघेही मळ्यात पानं खुडत होते. अंगणात आम्ही तिघं. रोहिणी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. आमच्या अंगणाला खालच्या बाजूने उतार आहे. उतार संपला की गाडीवाट, आणि वाटेला लागून पाण्याचा पाट. त्या दिवशी पाटाला पाणी सुटलं होतं आणि ते काठोकाठ वाहत होतं. रोज तिथे आबा काटेरी फांद्यांची झाप आडवी लावून वाट बंद करत. त्या दिवशी पानांच्या पाट्या नेताना कुणीतरी ती बाजूला केली आणि तशीच राहिली.

सपूने मला त्या दिशेला वळवलं.

मित्रांनो, मला थांबता येत नाही. मला ढकललं की जायचं, एवढंच मला कळतं. उतारावर माझा वेग वाढला तशी सपू हसू लागली. तिचे पाय माझ्यामागे धावत होते.

"सपे, थांब," रोहिणी ओरडली.

सपूला तो पाठशिवणीचा खेळ वाटला. ती आणखी जोरात हसली. रोहिणीने ताट टाकलं आणि ती धावत निघाली. चार पावलांतच तिच्या पोटात कळ आली. ती वाकली. पुन्हा सरळ होऊन तिने आमच्यामधलं अंतर पाहिलं आणि तिला कळून चुकलं, की ती धावून पोचणार नाही. ती जितकी पुढे येईल, तितकी सपू पुढे पळणार होती.

मग तिने जे केलं, ते मी कधी विसरणार नाही. ती जागच्या जागी मातीत बसली. पाय पसरले, पदर सावरला आणि हाताने मांडी थोपटली. आवाज अगदी रोजच्यासारखा करून म्हणाली, "सपे, ये. मांडीवर ये. मी घेते तुला."

तीन महिने सपूने हे शब्द ऐकले नव्हते. तिने मान वळवून मागे पाहिलं. आई खाली बसली होती आणि तिचे दोन्ही हात पसरलेले होते. सपूने माझा दांडा सोडला.

मी एकटा घरंगळत गेलो. गाडीवाट ओलांडली आणि तोंडावर पाटात पडलो. माझं पुढचं चाक दगडावर आपटून तुटलं. पण दांडा पाण्याबाहेर राहिला होता, म्हणून मला सगळं दिसलं. सपू उतारावर उभी होती. कशालाही न धरता. एरवी ती बसली असती. पण बसून रांगत जायला तिच्याजवळ वेळ नव्हता. आईचे हात पुन्हा मिटले तर? तिने एक पाय टाकला. दुसरा टाकला. डुलली, हात हवेत पसरले, सावरली, आणि चढावर चालत, शेवटी तर जवळजवळ धावत, जाऊन आईच्या गळ्यात पडली.

रोहिणी तिला कवटाळून हसत होती आणि रडत होती. "मला कसं सुचलं न्हाय गं इतकं दिस," ती सपूच्या केसांत तोंड खुपसून म्हणत होती. "उचलायचं नव्हतं, बसायचं हुतं. नुसतं बसायचं हुतं."

तिचा आवाज ऐकून मळ्यातून सगळे धावत आले. काय झालं ते ऐकल्यावर आबांनी आधी जाऊन झाप लावली. राम रोहिणीसमोर गुडघे टेकून बसला. "तुझ्या पोटात कसं हाय?" त्याने दोनदा विचारलं. कळ थांबली होती. मग सपूला सगळ्यांसमोर पुन्हा चालायला लावलं. आईकडून आजीकडे, आजीकडून आबांकडे. जयवंताबाईने इतक्या वेळा तिची दृष्ट काढली, की घरातल्या मिरच्या संपल्या. माझी आठवण संध्याकाळी झाली. आबांनी पाटातून मला बाहेर काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मला नवं चाक बसवलं. जुन्या दोन चाकांशी ते जुळत नाही, त्यामुळे मी अजूनही जरा डावीकडे ओढतो.

त्या दिवसापासून रोहिणी दिवसातून दहा वेळा खाली बसायची. सपू चालत यायची, मांडीवर चढायची, आईच्या पोटाला कान लावायची आणि पुन्हा उतरून कामाला जायची. काम म्हणजे मला ढकलणं. आता तिला माझी गरज नव्हती, पण सोबत म्हणून ती मला न्यायची.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी, सकाळी चहाच्या वेळी रोहिणीच्या पोटात कळा सुरू झाल्या. राम तिला जीपमधून इंदापूरला घेऊन गेला. सोबत जयवंताबाई होती. दुपारी निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आबांनी वस्तीवरच्या प्रत्येक घरी पेढे नेऊन दिले. कुणी म्हणालं, "मुलीचं पेढं व्हय?" तर आबा म्हणाले, "गोड लागत्यात का न्हाय, तेवढं सांगा."

बारशाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. येणारी प्रत्येक बाई चप्पल काढायची आणि थेट पाळण्याकडे जायची. टोपडी, झबली, कुंच्या पाळण्याशेजारी जमत होत्या. सपू माझा दांडा धरून उंबऱ्यापाशी उभी होती. बायकांच्या साड्या तिच्या तोंडावरून घासत जात होत्या. कुणी म्हणालं, "बाजूला हो गं, पोरी." कुणी न बोलताच तिला बाजूला केलं. दोन्ही हातांनी ती मला घट्ट धरत गेली, आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला. पाळण्याशेजारी बसलेल्या रोहिणीला ते दिसत होतं, पण मधे माणसंच माणसं होती.

तेवढ्यात रोहिणीची आई द्वारकाबाई आली. कोऱ्हाळे बुद्रुकहून दोन एस.टी. बदलून आली होती. "या, या, आधी नातीचं तोंड बघा," बायकांनी तिला वाट करून दिली. द्वारकाबाईने पिशवी खाली ठेवली आणि ती उंबऱ्यातच, माझ्या चाकाशेजारी मांडी घालून बसली.

"बघतेच हाय," ती म्हणाली. मग सपूला म्हणाली, "ताई, तुमच्या घरी बाळ आलंय म्हणं. मला दावता का?"

सपूने आधी तिच्याकडे, मग पाळण्याकडे पाहिलं. मग तिने दांडा सोडला, आजीचं बोट धरलं आणि ती माणसांमधून वाट काढत निघाली. बायका बाजूला झाल्या. पाळण्यापाशी पोचल्यावर ती चवड्यांवर उभी राहिली, तिने आत बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माजं बाल."

रोहिणीने डोळ्यांना पदर लावला. मी उंबऱ्यात एकटाच राहिलो होतो, आणि मित्रांनो, एकटं राहून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आमची काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. माझं चाक तुटलं, तर दुसरं बसतं. पण तुम्ही कधी कुणाचं नवं बाळ बघायला जाल, तेव्हा दारात कुणी छोटंसं उभं आहे का, ते पाहा. असलं, तर आधी त्याच्यापाशी खाली बसा. पाळण्यातलं बाळ झोपलेलं असतं, ते थांबतं. दारातलं मात्र जागं असतं.