माझं अर्धंच वाचलं

तडा गेलेलं पंपाचं कवच. शून्य. सायकलला अडकवलेला जेवणाचा डबा, भरलेलाच. हिरव्या अक्षरांत "ठीक".

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. १९८८ साली मी शिरोली एमआयडीसीत पंपाची कवचं ओतणाऱ्या एका फाउंड्रीत होतो. भट्टीत कुठला माल किती घालायचा, हे काढायला मुख्य प्रोग्राम हाताखालचा एक छोटा प्रोग्राम, म्हणजे पोर-प्रोग्राम, धाडायचा. पोर संपलं की मी एक आकडा द्यायचो. त्याच्या वरच्या भागात पोरानं जाताना काय सांगितलं ते, खालच्या भागात त्याला मधेच मारलं गेलं का ते. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं खालचा भाग सरळ छाटून टाकला!

एका सोमवारी माहिती भरताना एक रकाना रिकामा राहिला, म्हणजे तिथं शून्य. पोर त्या शून्यानं भागायला गेलं आणि मारलं गेलं. मेलेलं पोर काय सांगणार? वरचा भाग शून्य, आणि शून्य म्हणजे यश. पडद्यावर "ठीक", खाली मालाचं शनिवारचंच जुनं प्रमाण.

भट्टीवरचे लालासाब मिस्त्री ओतण्याआधी नमुन्याचा तुकडा फोडून आतल्या रंगावरून लोखंडाचा कस बघायचे.

"तुकडा फोडतो की, साहेब."

"मशीन ठीक म्हणतंय. वेळ घालवू नका," मॅनेजर गणपतराव म्हणाले.

"मशीन भट्टीपाशी आलंय व्हय कधी?"

तुकडा न फोडताच ओतलं आणि चाळीस कवचं तडकली. गणपतरावांनी लालासाबनाच घरी बसवलं. "मशीन चुकत न्हाय!" भरलेला डबा सायकलला अडकवून लालासाब तसेच परत गेले.

अहो, मी चुकलो नव्हतोच! पोर मारलं गेलं, हे मी स्पष्ट सांगितलं होतं. वाचलं कुणी?

माझ्यावर काम करणारी मेहमुदा तीन दिवस प्रोग्रामचे कागद चाळत बसली. चौथ्या दिवशी ताडकन उठली. "साहेब, ह्या प्रोग्रामनं आकडा अर्धाच वाचलाय. पोर मेलंय आन् आपण त्याला पास केलंय."

तिनं ती छाटाछाट काढली. आधी विचारायचं, पोर स्वतःहून संपलं का? हो असेल तरच पुढचा आकडा बघायचा. आणि तेही प्रणालीनं त्यासाठी दिलेल्या तयार प्रश्नांनीच. आकड्याचे हातानं तुकडे करायचे नाहीत, कारण दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात ते भाग वेगळ्या जागी असू शकतात.

गणपतराव परत बोलवायला कसबा बावड्याला लालासाबच्या दारात गेले. "आता मशीनला बसवा की घरी," म्हणत लालासाब आले. आल्या आल्या तुकडा फोडला.

मित्रांनो, कुणी काही न बोलता गेलं, तर त्याला यश म्हणू नका. आधी विचारा, कसं गेलं?

मला शिरोलीत आणलं, तेव्हा माझी पेटी ट्रकातून अलगद उतरवणाऱ्या चौघांत लालासाब होते.