खांद्यातला कापूस

ज्युदोच्या वर्गात सगळ्यात आधी शिकवतात ते पडायला. हनुवटी छातीला, पाठ गोल, हाताची थाप मॅटवर आणि श्वास मोकळा. कटिंग मास्तरांना ही गोष्ट फार भावली होती. "जन्मभर माणूस उभं राहायला धडपडतो," ते दुकानात सांगायचे, "पण पडावं कसं, हे त्याला कोणी सांगतच नाही!"

मास्तर कोटांच्या दुकानात कापड बेतायचे आणि कापायचे. दिवसभर टेबलावर वाकलेले, नाहीतर खुर्चीत रुतलेले. पन्नाशी गाठेपर्यंत पोट असं सुटलं की बुटाची नाडी बांधायला बायकोला हाक मारावी लागे. चौथ्या मजल्यावरचं घर चढताना ते मध्येच भिंतीला टेकायचे, आणि कोणी आलंच तर भिंतीकडे असे बघायचे, जणू तिथे काही सूचनाच लावलीय. मेहुणा त्यांना तोंडावर 'पिंप' म्हणायचा. मेहुणाच तो, त्याचं तोंड कोण धरणार!

हा मेहुणा बेकरीत कणिक तिंबायचा. दंड असे की शर्टाच्या बाह्या वर सरायच्याच नाहीत. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं त्याच आठवड्यात त्याने मास्तरांना ओढत आपल्या ज्युदोच्या वर्गात नेलं.

"दाजी, चला. तुम्हाला फेकायची माझी लग्नापासूनची इच्छा आहे."

आणि देव देतो तेव्हा ओंजळ लहान पडते. पहिले काही दिवस अंग ठेचल्यासारखं दुखलं, नंतर हळूहळू सुटं झालं. कमरेत जोर आला, पाठीची कळ गेली. साखर उतरली. जिना चढताना मास्तर आता गप्पा मारायचे, आणि मागून धापा टाकणाऱ्या शेजाऱ्याला वर "या, या सावकाश" म्हणायचे. रात्री घोरणं थांबलं. बायको म्हणाली, "पहिल्या दिवशी मी दचकून उठले. म्हटलं, आहेत ना हे?"

मेहुण्याने 'पिंप' सोडून 'पैलवान' म्हणायला सुरुवात केली. वर्गाच्या सरांनी दारावर मास्तरांचे दोन फोटो लावले, आधीचा आणि आताचा. आठवड्याला एखादा तरी पोट सुटलेला माणूस ते फोटो बघून आत यायचा. सर मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "हे बघा. कालपर्यंत तुमच्यासारखेच होते."

मग उजवा खांदा दुखायला लागला.

पुढे कोलांटी घेऊन पडताना सगळं वजन उजव्या खांद्यावरून जातं. एकदा ते जरा वाकडं गेलं. मास्तरांनी ते तसंच सोडून दिलं, पण दुखणं काही सोडेना. जाड लोकरीवर कात्री चालवताना हात कोपरापासून थरथरायचा. ते गुपचूप फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. बाईंनी हात धरून वर नेला, आणि तो छातीशीच अडला.

"काही महिने पडणं बंद," बाई म्हणाल्या. "व्यायाम बंद करा असं म्हणत नाहीये. पाय चालू द्या, श्वास चालू द्या. पण या खांद्यावर पडलात आणि आतला स्नायू फाटला, तर कात्री विसरा."

मास्तरांच्या मनात मात्र 'बंद' एवढंच उरलं. अर्धा व्यायाम म्हणजे अर्धा कोट; तो कोणी घालतं का? वर्ग सुटला की पोट सुटणार, साखर चढणार, तो जिना, ती भिंत, ते 'पिंप'. आणि वर्ग चालू ठेवला तर हात जाणार. हाताशिवाय कटिंग मास्तर म्हणजे काय? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या कठड्यावर उभ्या माणसाला दोन्हीकडचे लोक टाळ्या वाजवतायत.

शेवटी त्यांनी त्यांना येणारी गोष्ट केली. ज्युदोच्या जॅकेटचं अस्तर उसवलं, कोटाच्या खांद्यात घालतात तसा कापसाचा पॅड केला आणि आत बसवला. डावीकडे काही नसताना उजवीकडेच फुगवटा दिसेल, म्हणून दोन्हीकडे बसवला. बाहेरून टाका दिसेल तर शपथ! पडताना मार जरा कमी लागायला लागला.

पण पॅड शेवटी कोटाचाच. खांदे रुंद दिसायला लागले.

"दाजी! काय भरलात हो!" मेहुण्याने सगळ्यांदेखत त्यांना थोपटलं. "ताई खायला काय घालते, ते आम्हालाही पाठवा की!"

सरांनी दारावरचा दुसरा फोटो काढून तिसरा लावला. आता मास्तरांना जॅकेट उतरवताही येईना. बाकीचे घामेजून मॅटच्या कडेला उघडे बसायचे, मास्तर गळ्यापर्यंत बंद. दुखतंय म्हणावं तर पॅड सांगावा लागणार, आणि पॅड सांगावा तर एवढं कौतुक ज्या खांद्यांचं झालं ते कापसाचे होते, हेही सांगावं लागणार.

सरांनी नव्या लोकांसाठी प्रात्यक्षिक ठरवलं. मेहुणा फेकणार, मास्तर पडणार. त्या सकाळी बायकोने जॅकेट इस्त्री करून समोर ठेवलं. मास्तरांनी उचललं आणि त्यांचे हात थबकले. ते जड होतं.

"अहो, कापसाच्या गाठी झाल्या होत्या," ती हळूच म्हणाली. "मी नवा घातला. दोन थर."

"तुला कधी कळलं?"

"धुताना. आता कपड्यातलं मला नाही कळणार?" ती त्यांची कॉलर सारखी करत हसली. "पुरुषमाणसाला वाटतंच, जरा भारदस्त दिसावं. त्यात लाजायचं काय? मी भावालासुद्धा बोलले नाही."

मास्तरांनी तोंड उघडलं. 'ते दिसण्यासाठी नाही गं,' एवढंच म्हणायचं होतं. पण तिचा चेहरा असा उजळला होता, नवऱ्याचं एक गोड गुपित जपल्यासारखा, की त्यांनी नुसतं जॅकेट घडी घालून पिशवीत ठेवलं. खाली बेकरीच्या गाडीचा हॉर्न वाजला.

हॉल भरला होता. बायको पहिल्या रांगेत होती. सर म्हणाले, "मंडळी, हे मास्तर," आणि मेहुण्याने वाकून नमस्कार केला, कॉलर धरली, वळला.

मास्तर हवेतून गेले आणि उजव्या खांद्यावर उतरले. दोन थर होते, तरी कळ मानेपर्यंत गेली. टाळ्या वाजल्या. ते उठले, पण हात लोंबतच राहिला.

"वा!" सर म्हणाले. "आता पुन्हा, जरा जोरात."

"नको," मास्तर म्हणाले.

"बघा, नम्रता बघा!" हॉल हसला.

"दाजी, चला की," मेहुणा कुजबुजला. "आज फॉर्मात आहात."

"सर, माझा हात वर जात नाही."

पुन्हा थोडं हसू उमटलं. मग मास्तरांनी सगळ्यांसमोर तो हात उचलायला घेतला. तो छातीपर्यंत आला आणि तिथे थांबला. त्यांनी दात आवळले, कपाळावर घाम आला, हात बोटभरही पुढे सरकेना. हसू एकेका रांगेतून विझत गेलं.

बायको उठून मॅटवर आली. तिने खांद्यावर हात ठेवला, बोटं कापसात रुतली.

"हे यासाठी होतं?"

"हो."

"आणि मी दुसरा थर घातला! तुम्ही अजून बिनधास्त पडावं म्हणून घातल्यासारखा!" तिचा आवाज चिरकला. "सांगायला काय झालं होतं?"

"मग सगळंच बंद झालं असतं."

मेहुणा अजून कॉलर धरून उभा होता. त्याने ती अशी सोडली, जणू विस्तव हातात होता. "मी इतके दिवस तुम्हाला फेकतोय," तो म्हणाला, "आणि वर हसतोय."

सर मास्तरांना कडेला घेऊन गेले. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी तो लोंबता हात अलगद धरला. "मी दारावर फोटो लावत सुटलो," ते म्हणाले. "एकदा तरी विचारायला हवं होतं. कुणाला दाखवलंत? काय सांगितलं?"

"पाय चालू द्या. श्वास चालू द्या. पडू नका."

"मग तेच करायचं. ज्युदो म्हणजे काय नुसतं पडणं?"

मास्तरांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. अर्ध्या कोटाचं त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

पुढच्या वर्गाला ते आले ते साधं, पातळ जॅकेट घालून, हात झोळीत बांधून. खांदे पूर्वीसारखे उतरते दिसत होते. दारावरचे फोटो सरांनी उतरवले होते. जुनी मंडळी जरा सरकून जागा करायला लागली, पण मास्तर पार मागे जाऊन, प्रात्यक्षिक बघून भरती झालेल्या नव्या लोकांच्या रांगेत उभे राहिले. गुडघे वाकवा, कंबर खाली, श्वास आत, श्वास बाहेर. मांड्या पेटल्या. पाठीला घाम सुटला. तो घाम तसाच होता, पहिल्या दिवसांतला, खरा. शेजारी एक जाडजूड गृहस्थ गुडघे वाकवूनच कण्हत होते. मागच्या रांगेत बसल्यामुळे परवा मास्तरांचा चेहरा त्यांना दिसला नसावा.

"तुम्हीही नवीनच का?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. "कंबर अजून थोडी खाली घ्या. आणि कुठे दुखलं तर लगेच बोला."