एकतिसावं पान

मित्रांनो, मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. माझ्यात गोष्ट नाही, कविता नाही, चित्रंही फारशी नाहीत. घरच्या घरी शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या कशा ओताव्यात, हे सांगण्यासाठी मला छापलं. आत मापांची कोष्टकं आहेत, साच्यांच्या आकृत्या आहेत आणि काय करू नये याची लांबलचक यादी आहे. माझ्यामुळे एका माणसाचा डोळा वाचायला हवा होता. तो वाचला नाही. ते कसं झालं, एवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका लहानशा छापखान्यात झाला. त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. मला शिवलं नाही, तारेच्या वेटोळ्यात ओवलं, म्हणजे टेबलावर उघडी ठेवली की मी सपाट पडून राहावं आणि वाचणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहावेत. मला करणाऱ्यांना ठाऊक होतं की माझी जागा कपाटात नाही, कामाच्या टेबलावर आहे.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते नॉर्मन नावाच्या सुताराने. त्याच्याकडे आजोबांची रायफल होती. तिच्या नळीचं माप इतकं जुनं की तिला बसणाऱ्या गोळ्या कुठल्याच दुकानात मिळत नसत. मग स्वतः ओतण्यावाचून गत्यंतर काय? शनिवारी तो गॅरेजचं दार हवेसाठी वर करायचा, मला टेबलावर ठेवायचा आणि सगळ्यात आधी एकतिसावं पान उघडायचा. त्या पानावर लिहिलं आहे: पाणी आणि वितळलेलं शिसं यांची गाठ पडू देऊ नका. एक थेंब पुरतो. थेंबाची क्षणात वाफ होते आणि भांड्यातलं शिसं उसळून अंगावर येतं. म्हणून शिशाचा नवा तुकडा आधी तापवून कोरडा करा, मगच भांड्यात सोडा. डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा काढू नका.

नॉर्मनला हे तोंडपाठ होतं. तरी तो ओठ हलवत चार ओळी वाचायचा, मगच भांडं तापत ठेवायचा. चाळीस वर्षं त्याने असं केलं. त्या पानाचा कोपरा त्याच्या बोटांनी काळा झाला. मला तेव्हा फार बरं वाटायचं. आता तसं काही वाटत नाही.

पुढे नॉर्मन थकला आणि वृद्धाश्रमात जायला निघाला. जाताना त्याने रायफल रीतसर कागद करून शेजारच्या प्रतापला दिली, सोबत साचे, शिसं ओतायची पळी, शिसं आणि मला. प्रताप मूळचा कोल्हापूरचा. उमेदीची वर्षं तिथल्या फाउंड्रीत ओतकाम करण्यात गेली, मग इथे मोटारींच्या कारखान्यात. नॉर्मन त्याला म्हणाला, "पाठ करू नकोस. मला पाठ आहे, तरी मी दर वेळी वाचतो."

प्रतापची बायको सरला रविवारच्या मराठी शाळेत मुलांना शिकवते. तिने एकच अट घातली. जिवंत काही मारायचं नाही, काय मारायचं ते कागदाच्या निशाणावर मारा. मीही कागदच, पण मनावर घेतलं नाही.

पहिलं वर्ष प्रतापने मला अक्षरशः वाचून काढलं. समासात पेन्सिलने बारीक मराठी अक्षरात टिपणं केली. मग मात्र त्याला माझ्याबद्दल आदर वाटू लागला, आणि तिथेच माझं दुर्दैव ओढवलं. पानांना काळे डाग पडतात म्हणून त्याने मला गॅरेजमधून घरात आणलं. शाळेच्या वह्यांसारखं खाकी कव्हर घातलं, त्यावर नाव घातलं. शेवटी सरलाकडून लाल कापड मागून मला त्यात बांधून देवघराशेजारच्या काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुणे आले की तो म्हणायचा, "ही माझी पोथी." पाहुणेही बिचारे हात जोडायचे. अशी नऊ वर्षं गेली. प्रताप गॅरेजमध्ये गोळ्या ओतत होता, आणि मी कपाटात होते.

मग तो दसरा आला. खरा दसरा आठवड्याच्या मधेच होता, पण इकडे सगळे सण शनिवारी येतात, तसा तोही शनिवारी आला. त्यांची मुलगी अनया ॲन आर्बरच्या विद्यापीठात संशोधन करते. ती धुवायच्या कपड्यांची पिशवी घेऊन बसने आली. गॅरेजमध्ये टेबलावर पांढरी चादर घालून पूजा मांडली. नट आवळायचे पाने, पळी, साचे, गाडीच्या किल्ल्या, अनयाचा लॅपटॉप आणि नॉर्मनने मफिन केकच्या ट्रेमध्ये ओतून ठेवलेल्या शिशाच्या जाड चकत्या. शिसं थंड होताना मधे खचतं, म्हणून प्रत्येक चकतीला वाटीसारखा खळगा होता. सरलाने फूल कलशात बुडवून सगळ्या वस्तूंवर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. मला घरात पाटावर ठेवलं आणि वर झेंडूचं फूल वाहिलं.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत पूजा झाली की त्या दिवशी भट्टी पेटवत नसत, आणि घरी पूजेतलं पुस्तक त्या दिवशी कोणी उघडत नसे. भट्टीचा नियम कोल्हापुरातच राहिला. पुस्तकाचा तेवढा त्यांच्याबरोबर इथे आला.

जेवणं झाल्यावर प्रताप गॅरेजकडे निघाला.

"अहो, आजच कशाला? श्रीखंड खाल्लंय, जरा पडा," सरला म्हणाली.

"अगं, नेक्स्ट वीकेंडला रेन आहे, मग स्नो सुरू होईल. आज वेदर मस्त आहे, एक बॅच करून टाकतो."

त्याने शिसं तापत ठेवलं, हे मला नंतर त्याच्याच बोलण्यातून कळलं. अर्धं भांडं वितळल्यावर भर घालायला चकती उचलली, तर बोटाला ओलं कुंकू लागलं. तो थांबला. काहीतरी वाचल्याचं त्याला आठवत होतं, नेमकं काय ते आठवेना. त्याने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला आणि घरात आला. माझ्यासमोर उभा राहून त्याने कापडाच्या गाठीला हात घातला.

"काय हवंय?" सरलाने विचारलं.

"एक गोष्ट चेक करायची होती. दोन मिनिटं."

"पूजेतलं पुस्तक आज उघडतात का? उद्या सकाळी उघडा की. आणि तुम्हाला सगळं पाठ आहे ना?"

"बाबा, जस्ट लुक इट अप ऑन युवर फोन," अनया सोफ्यावरून म्हणाली.

"फोन चार्जिंगला आहे. जाऊ दे. फाउंड्रीत अर्धं आयुष्य गेलं माझं."

त्याने गाठ सोडली नाही, गाठीवरचा हात तेवढा काढला. गॅरेजमध्ये परत गेला तेव्हा चष्मा कपाळावरच होता.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. आधी तापल्या तेलात पाणी पडल्यासारखा आवाज झाला, पण कितीतरी मोठा. मग पळी फरशीवर पडली. मग अनया पळत गेली.

डॉक्टरांनी डावा डोळा वाचवला. उजवा गेला, ज्याने तो नेम धरायचा. हातावरचे चट्टे नाताळपर्यंत भरून आले.

मला कोणी फेकून दिलं नाही आणि कोणी उघडलंही नाही. त्या दसऱ्याची उत्तरपूजा राहूनच गेली. मी पाटावर होते तशीच होते, माझ्यावरचा झेंडू वाळून गेला. घरात भांडण नव्हतं, रडारड नव्हती. सरला वेळेवर स्वयंपाक करायची, प्रतापच्या डोळ्यात औषध घालायची, रविवारी शाळेत जायची. फक्त एकदा फोनवर तिने अनयाला सांगितलं, "मीच अडवलं गं त्यांना."

"आई, स्टॉप. मीपण तिथेच होते ना," अनया म्हणाली.

फेब्रुवारीत एका सकाळी सरला पाटावरची धूळ पुसायला आली. झेंडू उचलला तर त्याचा चुरा झाला. तिने तो गोळा केला, मग गाठ सोडली. मला उघडायची तिची ही पहिलीच वेळ. काळा कोपरा दिसला म्हणून तिने नेमकं तेच पान उघडलं. चार ओळी इंग्रजीत होत्या, तिने उभ्याउभ्या वाचल्या. मग तिची नजर समासावर गेली. पेन्सिलचं अक्षर पुसट झालं होतं, पण वाचता येत होतं: दसऱ्याला शिशावर पाणी शिंपडू नये. सरलाला सांगणे.

ती मला घेऊन खिडकीशी बसलेल्या प्रतापकडे गेली.

"हे तुम्ही लिहिलंय?"

त्याने मला डाव्या डोळ्याजवळ धरलं. पुष्कळ वेळ धरलं.

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"लिहून ठेवलं होतं ना," तो म्हणाला.

सरला त्याच्याशेजारी बसली. बाहेर शेजारी आपल्या दारातला बर्फ फावड्याने काढत होता. तिला हलकं वाटलं का, राग आला का, मला कळलं नाही. बहुधा तिलाही कळलं नसावं.

या वर्षीच्या दसऱ्याला तिने मला पाटावर ठेवलं नाही. लाल कापड धुऊन कपाटात टाकलं. गॅरेजमधलं भांडं आता थंडच असतं, पण तिने पान्यांना आणि पळीला कोरडं फूल वाहिलं, कोरडं कुंकू लावलं, पाणी शिंपडलं नाही. मग मला टेबलावर सपाट उघडून, शाळेत मुलांना वाचून दाखवते तशा आवाजात, एकतिसावं पान आणि समासातलं टिपण प्रतापला आणि अनयाला वाचून दाखवलं. दोघंही चप्पल काढून उभी राहून ऐकत होती.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी एखादी बहीण नक्की असेल. कुकरबरोबर आलेली, हीटरबरोबर आलेली, खणात तळाशी पडलेली. तिला जपायचं असेल तर तिला मळू द्या. तुम्हाला पाठ असलं तरी एकदा उघडा, आणि समासात काही लिहिलंत तर ज्याच्यासाठी लिहिलंत त्याला तोंडाने सांगा. आम्हाला तोंड नाही.

नॉर्मनच्या काळ्या कोपऱ्याशेजारी आता माझ्या पानावर कुंकवाचं एक बोट उमटलं आहे. वाचताना सरलाचं लागलं. तिने ते पुसलं नाही.