ब्रदर लॅमरने वाढवलेला पाय

जत्रेच्या मैदानावरच्या तंबूत त्या रविवारी दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. ऑगस्टातलं ओक्लाहोमा म्हणजे नुसती भट्टी, तरी लोक पुठ्ठ्याचे पंखे हलवत 'आमेन, आमेन' करत होते. पुढे खुर्चीवर माझी शेल्बी बसली होती. माझी म्हणजे शाळेतली. मी विज्ञान शिकवतो आणि पळणाऱ्या मुलांचा कोच आहे. मैलाच्या शर्यतीत या पोरीला गाठणारं आसपास कोणी नव्हतं. मग उजव्या गुडघ्यापाशी हाडाचा कॅन्सर निघाला. औषधांनी केस गेले, पण गाठ आकसली. गाठ काढू आणि पाय वाचवू, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशन दोन आठवड्यांवर आलं होतं.

प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणारा फिरता प्रचारक ब्रदर लॅमर पुढे आला आणि त्याने तिच्या टाचांखाली हात घालून दोन्ही पाय उचलले.

"सैतानाने हा उजवा पाय बोटभर खाल्लाय. दिसतंय ना?"

दिसत होतं खरं. उजवा पाय आखूडच वाटत होता.

"वाढ, येशूच्या नावानं वाढ!" तो असा केकाटला की तंबूचे खांबसुद्धा घाबरून वाढले असते. आणि पाय वाढला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाचेला टाच लागली. तिचा बाप रॉय धान्याच्या कोठारावर राबणारा गडी, बायकोच्या मयतीलाही न रडलेला. तो ढसाढसा रडला.

"आता औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास," ब्रदर म्हणाला.

रॉयने ऑपरेशन रद्द केलं. मी त्याच्या घरी खेटे घातले. "ऑपरेशन होऊ दे रॉय. मग हवी तेवढी प्रार्थना कर."

"कोच, डोळ्यांनी पाहिलेलंही तुम्हाला पटत नाही. तुमच्यावर काही इलाज नाही."

सप्टेंबरात घरामागच्या कच्च्या रस्त्यावर पळताना शेल्बीचं पोखरलेलं हाड मोडलं. पाय मांडीतून कापावा लागला.

रॉयने ब्रदरला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "तुमच्या घरात कोणीतरी शंका घेतली असणार." रॉयला ते शब्द आतून खाऊ लागले. तंबूतून परतल्यावर शेल्बी दुखण्याने कळवळली, तेव्हा त्याने तिला कळ थांबवायची एक गोळी दिली होती.

"एका गोळीसाठी देवानं माझ्या पोरीचा पाय नेला, कोच." हे तो वर्षभर म्हणत राहिला. त्याच्या ताटातलं अन्न तसंच राहायचं.

पाय कापल्यावर दवाखान्यातच शेल्बी मला हळूच म्हणाली होती, "त्या दिवशी माझ्या डाव्या पायातला बूट सरकला होता. आधी बाहेर, मग आत."

"मग बोलली का नाहीस?"

"डॅडी रडत होता. आनंदानं."

बूट तिच्या भावाचे जुने, दोन नंबर मोठे, टाचेशी मोजा कोंबलेला. मला एकदम तंबूचं दार आठवलं. ब्रदरची माणसं येणाऱ्यांच्या पायांकडे बघायची. नाड्या घट्ट बांधलेले मागे, दुसऱ्याचे जुने ढगळ बूट घातलेले पुढे. 'गरिबांना पुढे बसवतात, केवढं मोठं मन,' असं आम्हीच कौतुक करायचो.

आम्ही दोघांनी रॉयला हे सांगून पाहिलं, पण त्याला काही पटेना. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या काउंटीत तोच तंबू लागला. शेल्बी नकली पायावर तेच बूट घालून गेली. रॉय देवाची माफी मागायला आला होता. अर्थात तिला पुढे बसवलं. ज्याच्यामुळे तिचा पाय गेला, त्याने तिला ओळखलंही नाही.

"कुठला पाय, पोरी?"

"उजवा."

पुन्हा तेच केकाटणं. "हाड वाढतंय! कोवळं हाड माझ्या हाताला लागतंय!"

"वाढला, ब्रदर?"

"बोटभर!"

शेल्बीने विजारीचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढला. आत स्टीलची नळी होती. मागे कोणीतरी सवयीने 'आमेन' म्हणालं.

"हा डावा बूट जरा बाहेर ओढला की उजवा पाय आखूड दिसतो," ती म्हणाली, "आणि आत ढकलला की वाढलेला दिसतो. घरी करून बघा." बूट तिने एका बोटाने काढून दाखवला.

ब्रदर सैतानाला शिव्या देत पडद्यामागे गेला. रॉय पुढे येऊन तिच्यापाशी गुडघ्यांवर बसला. "मग त्या गोळीनं नाही झालं?"

"नाही डॅडी. त्या दिवशी खरं औषध तेवढं एकच मिळालं मला."

शेल्बी जगली. आता ती खुर्चीत बसून गोळाफेक करते आणि चांगली करते. पण मी तिला पळताना पाहिलंय. शाळेच्या मैदानावर मुलं धावू लागली की माझा जीव अजून तुटतो. वाचवता आला असता तो पाय.

देवाशी माझं भांडण नाही. खुशाल प्रार्थना करा. पण कोणी औषध सोडायला सांगितलं तर त्याच्या तोंडाकडे नको, हातांकडे बघा. शंका येईल ती मोठ्यानं विचारा, डॉक्टरला सोडू नका. आणि तंबूत जायचंच असेल, तर बुटांच्या नाड्या करकचून बांधून जा. तुम्हाला मागच्या रांगेत बसवतील.