पाच घरांची फकिरी

कुडत्याचा हिरवा रंग सगळीकडे सारखा नव्हता. छातीपाशी तो कोवळ्या वाटाण्यासारखा फिका होता, गुडघ्याकडे येता येता गडद होत गेला होता, आणि अगदी खालचा बोटभर पट्टा दुकानातून आणलेल्या दिवशी असेल तितकाच हिरवा होता. पट्ट्यांच्या मधे दुमडीच्या रेषा होत्या आणि दर रेषेवर उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं. काखेत घामाचा डाग नव्हता. गळपट्टी मळलेली नव्हती. हा कुडता कुणी कधी घातलाच नव्हता. दर मोहरमला तो पेटीतून निघे, धुतला जाई, त्याची एक दुमड उसवली जाई आणि तो परत पेटीत जाई. नुसत्या धुण्याने त्याचा रंग उतरला होता.

"शेवटली दुमड उसवली बघ," जैतुनबी उंबऱ्याशी बसत म्हणाली. "आता कापड उरलं नाय. पोरगं लई वाढलं तुझं."

"बस ना खाला आत," चतुराबाई म्हणाली आणि कुडता मांडीवर घेऊन त्याची घडी घालू लागली. घडी घालायला लागणारा वेळ तरी हातात होता.

जैतुनबी समोरच्या घरात राही. गुलमंडीवरच्या कापडवाल्यांचं शिवण घरी आणून करी. चतुराबाईचं माहेर याच मोहल्ल्यातलं, त्यामुळे जैतुनबी तिला ती परकरी असल्यापासून ओळखत होती. चतुराबाईचे यजमान आप्पासाहेब मूळचे पिशोरचे. तालुकदार कचेरीत नोकरी लागली, तेव्हा भाड्याचं घर शोधताना सासऱ्यांनी हेच दाखवलं. लेक डोळ्यांसमोर राहील आणि समोर जैतुनबी आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मुलगा अडीच वर्षांचा असताना त्याला मुदतीचा ताप आला. डॉक्टरांनी मान हलवली. त्या रात्री जैतुनबी मोहरमचे पंजे बसतात त्या आशूरखान्यापुढे जाऊन बोलून आली, पोरगं उठलं तर त्याला मोहरमचा फकीर करीन. तिने चतुराबाईला विचारलं होतं आणि चतुराबाईने हो म्हटलं होतं. हा नवस मोहल्ल्यात नवा नव्हता. हिंदूंच्या घरांतही तो असायचा. मोहरमच्या पाच तारखेला मुलाला हिरवा कुडता घालायचा, गळ्यात लाल-पिवळा नाडा, कपाळाला अबीर, खांद्याला झोळी, आणि त्याने पाच घरी जाऊन भीक मागून आणायची. आणलेलं सगळ्यांनी वाटून खायचं. मुलगा तापातून उठला तेव्हा त्याचं पहिलं नाव मागे पडलं आणि सगळे त्याला फकिरा म्हणू लागले. नाव मिळालं. फकिरी मात्र राहून गेली.

पहिली दोन कारणं खरी होती. एकदा तो फारच अशक्त होता, एकदा डांग्या खोकला होता. तिसऱ्या वर्षी चतुराबाईने नेमक्या त्या आठवड्यात पिशोरला जायचं काढलं. हे कारण निम्मं खरं होतं, कारण सासूबाई बोलावतच असत. मागच्या वर्षी मात्र तिने सरळ सांगितलं की आप्पासाहेबांच्या चुलत आत्या साळूबाई वारल्या, घरात सुतक आहे. साळूबाई पिशोरात ठणठणीत होत्या. जैतुनबी त्या संध्याकाळी डाळिंबं घेऊन भेटायला आली, तासभर बसली, बाईचं वय किती होतं, मुलं किती, शेवटी त्रास झाला का, असं सगळं विचारून गेली. चतुराबाईने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

यंदा कारण नव्हतं. दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यातच होत्या. इंग्रज जाऊन तीन महिने झाले होते आणि निजामाचं राज्य जागच्या जागी होतं. ते राहणार की जाणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी मैदानावर निजामाच्या बाजूच्या पोरांची कवायत चाले, तिचे हुकूम गच्चीवर ऐकू येत. गुलमंडीजवळच्या हिंदूंच्या तालमीतही एवढी मुलं पूर्वी कधी नव्हती. दोन्हीकडची माणसं आपापली दारं लवकर लावू लागली होती.

सकाळीच तिने आप्पासाहेबांकडे विषय काढला होता. "अहो, तुम्हीच सांगा ना खालाला."

"मी?" ते शेरवानीची बटणं लावताना थांबले. "मी कोणत्या तोंडानं सांगू? माझ्या पोराच्या उशाशी त्या सतरा रात्री बसल्या. मी त्यातल्या निम्म्या झोपलो होतो."

"मग मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"बायकांचं बायकांत बरं असतं," ते म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

जिन्यावरून धाडधाड पावलं आली आणि फकिरा खाली आला. दिवसाचा बराचसा वेळ तो गच्चीवरच असे. शाळेत कचेरीतला शिपाई हाताला धरून नेई, हाताला धरून परत आणी, आणि पुढे दार बंद. पिंजारी, कल्हईवाला, बर्फवाला, सगळ्यांचे आवाज त्याला पाठ होते. चेहरे त्याने वरून पाहिले होते, म्हणजे टोप्या पाहिल्या होत्या.

"आला का माझा कुडता?" तो ओरडला आणि आईच्या मांडीवरून तो ओढून डोक्यातून घालू लागला. बाह्यांत हात अडकला, तशी जैतुनबी हसत उठली आणि तिने तो सोडवला.

"सरळ उभा ऱ्हा. हौ. खांद्यात बसला. बघ चतुरा, तुझ्यावाणीच दिसतो की नाय?"

चतुराबाईने पाहिलं. दिसत होता.

सात वर्षांची असताना तिलाही असाच कुडता घातला होता, कारण तिच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती. जैतुनबीनेच तिच्या गळ्यात नाडा बांधला होता आणि दारातून बाहेर ढकलत "जा, माग" एवढंच म्हटलं होतं. सोबत कुणी आलं नव्हतं. पाच घरं पुरी झाली तरी तिला थांबावंसं वाटेना, म्हणून तिने सहावं केलं, सातवं केलं. मग घरं मोजायचं सोडून ती चालत राहिली. पाणचक्कीच्या बाजूला एका अनोळखी घरात एका म्हातारीने तिचे पाय धुतले आणि मोहरमच्या गोड रोट्या, गरम चोंगे, खायला दिले. गुळाचं सरबत तिने इतकं प्यायलं की चालताना पोटात हिंदकळे. वाघाचं सोंग घेतलेल्या माणसामागे ती दोन मोहल्ले पळाली. दुपारी एका आशूरखान्यात चटईवर झोपली, उठली तेव्हा दिवे लागले होते आणि उदाचा धूर छतापाशी थर धरून थांबला होता. कोळशाच्या वखारीतल्या कुणीतरी तिला खांद्यावर बसवून घरी आणलं. आई भाकऱ्या थापत होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "आलीस? हात धू."

दिवसभरात तिला विचारलेला प्रश्न तेवढाच.

हे सगळं चतुराबाई फकिराला जेवू घालताना सांगे. त्याला ते इतकं पाठ झालं होतं की चुकलं तर तो दुरुस्त करी. सरबत गुळाचं होतं आई, साखरेचं नाही. सांगताना तिचा आवाज मोकळा होई आणि सांगून झालं की ती उठून दाराची कडी नीट बसली आहे का, ते पाही. आपल्याला लाज नेमकी कशाची वाटते, हे तिने स्वतःशी नीट मांडून पाहिलं होतं. ज्या दारांत तिने खाल्लं होतं, त्याच दारांची आता तिला भीती वाटत होती. ती दारं बदलली आहेत, याचा तिच्याकडे एकही पुरावा नव्हता. तरी भीती जात नव्हती.

"नानी, उद्या मी एकटाच जाणार ना?" फकिराने विचारलं. "आई एकटीच गेली होती."

"तुझ्या आईच्या मागं कुत्रं लागलं होतं, ते सांगितलं का तिनं? आशूरखान्याच्या दारात येऊन हिनं भोकाड पसरलं होतं."

"आई, तू रडलीस? हे नाही सांगितलंस!"

"थोडीशी," चतुराबाई म्हणाली.

"थोडीशी!" जैतुनबी म्हणाली. "अर्ध्या शहराला ऐकू आलं."

फकिरा खदखदा हसला. मग परत मुद्द्यावर आला. "मग एकटाच ना?"

"एकटा नाय, बच्चे. मी येणार संगं. पयलं माझं घर. दुसरं मजीदचं, तिसरं त्याच्या भावाचं, चौथं अत्तारवाल्या अन्सारचं, पाचवं माझ्या भैनीचं."

मुलाने मनात हिशेब केला. "ही तर सगळी आपल्याच गल्लीत आहेत. पाणचक्कीला नाही जायचं?"

"माझे पाय चालत नायत रे तेवढे."

"मी धरतो तुला."

जैतुनबीने त्याच्या कुडत्याची बाही उगीच खाली ओढली. "जा, आरशात बघून ये. झोळी कुठाय ते बी हुडक."

तो आत पळाला. जैतुनबी थोडी पुढे सरकली आणि हलक्या आवाजात बोलू लागली.

"समद्यांच्या घरी आधी जाऊन आले मी. म्हटलं, माझं पोरगं येतंय, काय तरी गोड करून ठेवा. पाचवं जोहराचं धरलं होतं. तिच्या दारात तिचा थोरला उभा. म्हणाला, कुणाचं पोर? मी म्हटलं, माझं. म्हणाला, खाला, खरं सांग. सांगितलं. म्हणाला, यंदा नक्को." तिने उंबऱ्यावर पडलेला दोरा उचलून टाकला. "त्याला बी काय बोलू? लहानपणी तुझ्याबरोबर चिंचा पाडत हिंडायचा तोच तो. म्हणून मग भैनीचं घर धरलं."

"तू घरोघर विचारत फिरलीस?"

"मग? असंच कसं सोडू पोराला? मागल्या म्हैन्यात आमचा रहीम गुलमंडीवर मांजा आणायला निघाला होता. नातू असला तरी ऐकते का मी? आतून कडी घातली. दोन दिवस बोलला नाय माझ्याशी." तिने सुस्कारा टाकला. "लेकरं काय करतील गं? गच्चीवर उभं राहून एकमेकाला हाका मारतात. हात हलवतात. कैद्यावाणी."

चतुराबाई ऐकत होती. जैतुनबीने दार ठोठावलं आहे, कुणाचं पोर म्हणून तिला विचारलं आहे आणि ती माझं म्हणते आहे, हे तिला दिसत होतं. आपण त्या वेळी काय करत होतो, तेही आठवत होतं. ती या उंबऱ्याच्या आत बसून यंदाचं कारण शोधत होती.

तरीही जीभ सवयीने वळलीच. "खाला, तसं सकाळपासून त्याचं अंग जरा..."

आतून फकिराच्या नाचण्याचा आवाज आला. कोनाड्यातल्या पणत्या थरथरल्या.

जैतुनबीने तिच्याकडे सरळ पाहिलं. "बोल की. यंदा कोण मेलं?"

चतुराबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"साळूबाई भेटली होती मला," जैतुनबी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हसू मात्र होतं. "पोळ्याच्या आधी. गुलमंडीवर बांगड्या भरत बसली होती. तुझ्या लग्नात बघितली होती, वळखली. मी म्हटलं, कशी हैस बाई? म्हणाली, गुडघे लई दुखतात. मी मनात म्हटलं, मेल्यावर बी गुडघे सुटत नायत म्हणजे. अल्ला!"

"खाला..."

"चांगलं झालं तिचं. जितेपणी मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात."

चतुराबाईला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही. तिला ती डाळिंबं आठवली, तो तास आठवला आणि शेवटी त्रास झाला का, या प्रश्नाला आपण दिलेलं उत्तर आठवलं. झोपेतच गेल्या, असं ती म्हणाली होती.

"तू इतके दिवस एका शब्दानं बोलली नाहीस," ती म्हणाली.

"काय बोलू? तुला तोंडावर नाय म्हणवलं नाय, म्हणून तू खोटं बोललीस. मला वाईट वाटू नये म्हणून. मग मी बी गप ऱ्हायले, तुला वाईट वाटू नये म्हणून. दोघी शाण्या." जैतुनबीने गुडघ्यावर हात ठेवला. "पण पोरगं मधल्यामधी कुडत्यातून वाढत चाललं की गं. आन नवस माझ्या तोंडचा हाय. मला वर जाऊन काय तरी सांगावं लागंल. खरं काय ते तरी सांग."

फकिरा धावत आला. त्याने खुंटीवरची बाजाराची पिशवी खांद्याला अडकवली होती आणि कपाळाला अबिराऐवजी देवापुढचा बुक्का फासला होता. तो दोघींच्या मधे उभा राहिला. "ही झोळी चालेल ना? आई, मी आल्यावर तूपण विचारायचं, आलास? हात धू. एवढंच विचारायचं. दुसरं काही नाही."

त्याने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "चालेल ना?"

"आईला इचार," जैतुनबी म्हणाली.

चतुराबाईने त्याला आत जायला सांगितलं नाही. मुलाने ऐकायला नको, असं तिला आधी वाटलं, पण त्याच्या पाठीमागे बोललं तर हेही मागच्या चार वर्षांसारखंच होईल, हे तिला कळत होतं. तिने पिशवीचा बंद त्याच्या खांद्यावरून काढला नाही की सारखाही केला नाही. हात मांडीवर ठेवले आणि जैतुनबीच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"त्याला ताप नाही, खाला. घरात सुतक नाही. आम्ही कुठं गावालाही जाणार नाही. हे माझं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं, फक्त तुला सांगायचं धैर्य नव्हतं. तू बरोबर असलीस तरी मला भीती वाटते. फकिरा उद्या जाणार नाही. पुढल्या वर्षीही मी त्याला पाठवणार नाही."