तेजरामचं पद

विजेची लाईन दुपारी तीनला यायची. ती आली की रुखमा हात पुसत ओसरीलगतच्या खोलीत जायची, कंप्यूटरवरचा फडका काढायची आणि मागची कळ दाबायची. आत काहीतरी घरघरायचं, काळ्या काचेवर हिरवी अक्षरं धावायची आणि शेवटी एका ओळीपाशी येऊन थांबायची. त्या ओळीपुढं एक हिरवा ठिपका लुकलुकत राहायचा. कंप्यूटरला शब्द हवा असायचा.

रुखमा एका बोटानं एकेक अक्षर हुडकत शब्द द्यायची. काचेवर काही उमटायचं नाही; शब्द कोणाला दिसू नये अशीच ती सोय होती. मग आतून टुंग वाजायचं. शब्द चुकला. पुन्हा देऊन बघायची. टुंग. तिसऱ्यांदा चुकला की काच काळी पडायची आणि सगळं बंद करून पहिल्यापासून सुरू करावं लागायचं.

बाहेर ओसरीवर तिचे सासरे पुंडलिकराव भिंतीला टेकून बसलेले असायचे. आत जायचे नाहीत. तीन टुंग ऐकले की डोळे मिटायचे.

लाखनीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात पुंडलिकराव धानाची शेती करत आणि कीर्तन करत. दोन्हीत कोणतं आधी, हे त्यांच्या बायकोला, गोदावरीबाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "धान त मीच पाहतो बाई. हे गळ्यात वीणा घालून देवाच्या शेतातल्या बांध्या राखतेत." त्यांचं एक आख्यान पंचक्रोशीत गाजलेलं होतं, आणि ते कुठल्या पोथीतलं नव्हतं, त्यांनी स्वतः रचलेलं होतं. एका म्हातारीचा एकुलता एक मुलगा. पावसात गावच्या तलावाची पाळ फुटते आणि गाव वाहून जाऊ नये म्हणून तो त्या भगदाडात आडवा पडतो. मग देवच मजुराच्या वेशात येतो, पोराला उठवतो, स्वतः त्याच्या जागी झोपतो आणि म्हणतो, जा, तुझी माय वाट पाहून राहिली. पोरगा पहाटे घरी परततो. पोरगा पाण्यात आडवा पडला की बाया पदरात तोंड घालून रडायच्या. मृदंग वाजवणारे लक्ष्मणराव म्हणायचे, "महाराज, तुमी त्याले आडवं पाडता तवा माह्या हातून ठेका सुटते जी."

पण शेवट पुंडलिकराव उरकून टाकायचे. पोरगा घरी आला, मायलेकांची भेट झाली, बोला पुंडलिकवरदा. संपलं. आणि हे एकट्या तेजरामला खटकायचं.

तेजराम त्यांचा एकुलता एक. भंडाऱ्याला तंत्रशाळेत शिकवायचा, बसनं जायचा-यायचा. नागपुरातल्या एका कचेरीनं मोडीत काढलेला हा कंप्यूटर त्यानं आणला, तेव्हा बघायला निम्मं गाव लोटलं होतं. "टीव्ही हाये त सिनेमा काहून दिसत नाही?" असं विचारून लोक परत गेले. तेजराम मात्र रविवारच्या रविवार बाबांना पुढ्यात बसवून त्यांचं आख्यान त्यात उतरवून घ्यायचा. इंग्रजी अक्षरांत, पण बोल सगळे बाबांचे. बाबांच्या वहीला वाळवी लागलेली होती. पानांची चाळणी झाली होती.

"बाबा, शेवट असा पळत काहून सांगता?" एकदा त्यानं विचारलं होतं. "माय रातभर उभी हाये न दारात. पोरगं आलं तवा ते काय बोलली? पोरगं काय बोललं? एक पद त पाह्यजे तिथं."

"मले नाही सुचत रे. दुःखाचं सुचते. लेकरू परत आल्यावर माय काय बोलंन, ते बोलाचं थोडीच असते?"

"मंग मी लिहितो."

"तू? तुले त आरतीबी पाठ नाही!"

तेजराम हसला होता. पण त्यानं मनावर घेतलं. पोळा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी म्हणाला, "पद होत आलं. दसऱ्याले देतो. तवरक पाहाचं नाही." कंप्यूटर सुरू होताना शब्द विचारायची युक्ती त्यानंच करून ठेवली होती. बायकोला मात्र तो शब्द सांगून ठेवला. "तुया माहेरचं गाव ठेवलं. अड्याळ. म्हंजे तू भुलणार नाही."

दसरा यायच्या आधीच त्याचे डोळे पिवळे झाले. कावीळ पोटात उतरली. नागपूरच्या दवाखान्यात अठरा दिवस होता आणि कोजागिरीनंतर तिसऱ्या दिवशी गेला.

महिनाभर कोणी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मग एके दिवशी पुंडलिकरावांनीच दाराशी उभं राहून रुखमाला म्हटलं, "बाई, त्याचं ते पद काढता येईन का?" तिनं फडका काढला, शब्द दिला. कंप्यूटरनं घेतला नाही.

त्या दिवसापासून रोज तीन वाजता हे सुरू झालं. आणि माघ जवळ येत चालला. माघातल्या सप्त्यात काल्याच्या आदल्या दिवसाचं कीर्तन बावीस वर्षं पुंडलिकरावांचं होतं, आणि आख्यान हेच. लक्ष्मणराव विचारायला आले.

"कसं करता महाराज? दुसऱ्या कोणाले सांगू का?"

"पोरगं पाण्यात पडलं इथपर्यंत सांगतो मी," पुंडलिकराव म्हणाले. "पुढं, ते घरी आलं म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? माह्या तोंडून ते निंघणार नाही लक्ष्मणराव. तेजरामचं पद भेटलं त त्याच्या बोलानं सांगीन. नाही भेटलं त वीणा खुंटीले राहू द्या."

त्याच दुपारी आत पुन्हा तीन टुंग वाजले, आणि पुंडलिकरावांचा तोल गेला. बावीस वर्षं लोकांना क्षमा-शांती सांगणारा तो माणूस दारात येऊन सुनेला म्हणाला, "बायकोले एक शब्द सांगतला अन् मागून बदलून टाकला. तुयावर भरोसा नसंन त्याचा."

रुखमानं मान वर केली नाही. कंप्यूटरवर फडका टाकला, त्याची चारी टोकं नीट खोचली आणि स्वयंपाकघरात गेली. गोदावरीबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "काय बोलले तुमी तिले? तिचं कुंकू गेलं, आता हेबी काढून घेता का तिच्यापासून?"

 पण दुसऱ्या दिवशी तीन वाजता रुखमा पुन्हा त्या खोलीत गेलीच. फक्त त्या दिवसापासून ती मधे मधे थांबून नुसतीच बसून राहायची. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिनं एकदाच सासूला सांगितलं. "बाई, यायनं शब्द बदलला असंन त काही नाही. पण माह्या माहेरचं नाव काढून कोणतं ठेवलं असंन, हेच येते मनात."

धानाची चुरणी-मळणी आटोपली तेव्हा पौषात घनश्याम आला. तेजरामबरोबर शिकलेला, नागपुरात अशाच यंत्रांची दुरुस्ती करणारा. तेराव्याला येता आलं नव्हतं म्हणून ओसरीवर पाय ठेवताच रडला. मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "दाखवा काकाजी, काय म्हणते त्याचं मशीन."

रुखमानं त्याच्यासमोर शब्द दिला. टुंग.

"वहिनी, शब्द बराबर आठवते न?"

"माहेरचं गाव कोणी भुलते का, भाऊजी?"

घनश्यामनं पिशवीतून आपली काळी चौकोनी फ्लॉपी, कंप्यूटर सुरू करायची चकती, काढली. "हे माह्या चकतीनं सुरू होईन, पण आतली तेजरामची चकती त्याच्या शब्दाबिगर उघडणार नाही. तरी पाहू. इथं लिहिलेलं दिसते, येवढंच." कंप्यूटर सुरू झाला. घनश्यामनं रुखमाला म्हटलं, "आता तोच शब्द लिहा."

तिनं एकेक अक्षर दाबलं. हिरव्या अक्षरांत काचेवर शब्द उमटला, आणि घनश्याम पुढं वाकला. इंग्रजीतल्या अड्याळमधला शेवटचा 'एल' आलाच नव्हता. त्यानं स्वतः ते बटण दाबलं. पुन्हा दाबलं. बटण अर्ध्यात अडकत होतं.

"हे बटण घट्टच होतं का?"

"चार-पाच बटणं पहिलेपासूनच घट्ट हायेत. जुनं मशीन," रुखमा म्हणाली. "मले वाटलं, असंच असते."

"तुमचा शब्द बराबर होता वहिनी. रोज बराबर होता. शेवटचं अक्षर आत जातच नव्हतं."

घनश्यामनं बटणांची पाटी उचलली, उलटी केली आणि मागून हलक्या हातानं थापटली. जमिनीवर टप् टप् करून काहीतरी पडलं. तांदळाचे दाणे. कुंकवानं लाल झालेले, सुकलेले, सात-आठ दाणे. एक फुलाची पाकळीही होती, चुरगळून काळी झालेली.

पुंडलिकराव दारात उभे होते. ते दाणे त्यांनी ओळखले.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. नांगर, विळे, सुनेचं शिवणयंत्र, वीणा, टाळ, सगळं धुऊन-पुसून ओळीनं मांडायचं. तेजराम त्या दिवशी दवाखान्यात होता. पुंडलिकरावांनी सगळ्यांना एकेक चिमूट अक्षता वाहिल्या आणि शेवटी या खोलीत आले होते. लेकाचं हत्यार हे. त्यांनी काचेवर गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि मग हात जोडून म्हणाले होते, "त्याले आण बापा इथं. याच्यापुढं आणून बसव." आणि चिमूट नाही, मूठ भरून अक्षता वाहिल्या होत्या त्या बटणांवर. लग्नात टाकतात तशा. जितक्या जास्त, तितकं देव ऐकेल असं वाटलं होतं त्यांना. दसऱ्यानंतर गोदावरीबाईंनी वरवरच्या झाडून काढल्या होत्या.

ते खाली बसले. जमिनीवरचे दाणे एकेक करून तळहातावर घेतले. एक दाणा दोनदा निसटला. रुखमानं तो उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

"माह्याच हातानं," ते म्हणाले. "मीच केलं. अन् तुले बोललो."

"राहू द्या मामाजी."

"राहू कसं देऊ? दोन महिने तू खरा शब्द देत होती अन् मी बाहेर बसून तुले खोटी म्हणत होतो."

 रुखमानं पदर डोक्यावर सारखा केला आणि घनश्यामकडं पाहिलं. घनश्यामनं तेजरामची चकती आत सरकवली, कंप्यूटर पुन्हा सुरू केला आणि खुर्चीवरून उठला. "बसा वहिनी. तुमीच द्या."

तिनं शब्द दिला. या वेळी टुंग वाजलं नाही. कंप्यूटर थोडा वेळ घरघरला आणि काचेवर नावांची यादी उतरली.  गोदावरीबाई चुलीपासून कधी उठून आल्या ते कोणाला कळलं नाही. त्यांच्या हाताला पीठ होतं.

"हा शब्द काढून टाकू का काकाजी?" घनश्यामनं विचारलं. "म्हंजे पुन्हा तरास नको."

"नाही," पुंडलिकराव म्हणाले. "तेजरामनं ठेवलेलं हाये ते. राहू दे. उघडाचं असंन तवा रुखमाच उघडंन."

यादीत आख्यान होतं, आणि अगदी खाली पद. रुखमा दहावी शिकलेली. इंग्रजी अक्षरांतली मराठी ती अडखळत वाचू लागली, आणि पुंडलिकराव, नव्या टाळकऱ्यानं बुवांच्या मागून म्हणावं तसे, तिच्या मागून म्हणू लागले.

उघडेच दार । ठेविले मी राया ।
कडी लावावया । हात न ये ॥

"हे ध्रुपद," पुंडलिकराव हळूच म्हणाले. "ध्रुपद हाये हे. पुढं वाच."

चिखलाचे पाय । पुसू नको बाळा ।
शेणसडा ओला । वाट पाहे ॥

गोदावरीबाई उंबऱ्यावरच बसल्या. पीठ सुकत चाललेल्या हातांनी त्यांनी चौकट धरली होती.

कोण उभे दारी । बोल एक वेळा ।

रुखमा थांबली.

"पुढं?"

"पुढं नाही मामाजी."

"नीट पाह्य. त्याले पोराचं बोलणं लिहाचं होतं. पोरगं काय म्हणते ते असंन तिथं."

घनश्यामनं खालपर्यंत सरकवून पाहिलं. मोकळी काच होती. त्या अर्ध्या ओळीच्या टोकाशी तो हिरवा ठिपका तेवढा लुकलुकत होता. मायनं विचारलं होतं, कोण उभं आहे दारी, आणि उत्तर देणाऱ्याचे डोळे त्याच सुमाराला पिवळे झाले असणार.

 बाहेर कोणाच्या तरी बैलबंडीच्या घुंगरांचा आवाज आला आणि विरत गेला. मग पुंडलिकरावांनी मुठीतले दाणे सदऱ्याच्या खिशात ठेवले, पाठ सरळ केली. कीर्तनकाराला एक गोष्ट हाडामांसात भिनलेली असते. पदाचं कडवं म्हणून झालं की ध्रुपदावर परत यायचं. कडवं लांब असो, आखूड असो, टाळकऱ्याचा ठेका चुको, स्वतःचा गळा दाटो, परत यायची जागा तीच.

त्यांनी अर्धी ओळ म्हटली. कोण उभे दारी, बोल एक वेळा. तिथं थांबले, एका कडव्याचं उत्तर मावेल इतके. आणि मग तीन महिन्यांत न लागलेला सूर लावला.

उघडेच दार । ठेविले मी राया ।

आवाज दुसऱ्याच शब्दावर फाटला. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा फाटला. तेव्हा उंबऱ्यावरून गोदावरीबाईंनी ती ओळ हातात घेतली आणि पुढं नेली.

सप्त्यात कीर्तन होईल म्हणून लक्ष्मणरावांना निरोप गेला. "पण लक्ष्मणराव, ध्यान ठेवा," पुंडलिकरावांनी सांगून पाठवलं, "पोरगं घरी आलं हे मी सांगणार नाही. माय दारात विचारते तिथपर्यंत येईन अन् ध्रुपदावर फिरीन. तिथं कोणी जयजयकार करू नका."

पद वाचलं त्या दिवशी मात्र खोलीतून कोणाला उठवेना. पाच वाजता लाईन गेली, आणि ठिपका विझला. रुखमानं फडका घेतला, टाकायला हात पुढं केला आणि पुन्हा मांडीवर घेतला.

"उद्या तीनले येईन लाईन," पुंडलिकराव म्हणाले.

"हो जी," ती म्हणाली.