बांधाच्या वरचं पाणी

पेणच्या खाडीकाठी भाविकाच्या गावात भरती अडवायला मातीचा बांध आहे आणि त्यात एक उघाडी. ओहोटीला तिची झडप उघडायची, भरतीला बंद करायची, हे काम तिचे वडील जनू करत. पाणी किती चढलं ते बघायला म्हातारा चिखल तुडवत जाई. रोह्याजवळच्या अष्टमी गावात प्रोग्रामिंगची नोकरी करणाऱ्या लेकीला ते बघवेना. तिने उघाडीवर पाणी मोजणारं यंत्र बसवलं आणि आकडा पूर्ण फुटांत मोबाइलवर दिसेल असा प्रोग्राम लिहायला घेतला.

"बाबा, आकडा प्रोग्रामच्या एका पेटीत, क्लासच्या आत बंद असतो. यंत्राला तो बदलायचा तर सेटरमधून जावं लागतं. सेटर तपासतो, पटलं तरच आत घेतो. तुम्ही मोबाइल बघता तेव्हा गेटर आतला आकडा काढून दाखवतो."

"म्हंजे आपली उघाडीच. आत काय घ्यायचं, काय नाय, ते झडप ठरवते."

"व्हय. पण यंत्रावर शेवाळ धरलं की ते काहीही बरळेल. तसला आकडा सेटरने नाकारायचा, जुनाच ठेवायचा. किती फुटांच्या वरचा खोटा धरू?"

जनू हसला. "बांध धा फूट हाय. बांधाच्या वर पानी माज्या आज्यानं पन नाय बघितलं."

गावात हे वाक्य देवाच्या शपथेसारखं चालतं. शिकलेल्या पोरीनेही ते तसंच उचललं, आणि मला राग येतो तो इथेच. दहा किंवा त्याच्या वरचा आकडा घ्यायचा नाही, अशी अट तिने सेटरमध्ये घातली. नाकारल्याची खबर कुणाला द्यावी, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

श्रावणी अमावास्येला भर दुपारी उधाण आलं, वर वारा. जनूचा फोन आला.

"झडपेत ओंडका अडकलाय म्हनतात. जाऊ काय गो?"

भाविकाने आकडा पाहिला. बराच वेळ तो हललाच नव्हता.

"नऊवरच थांबलंय, बाबा. भरती फिरली वाटतं. सांभाळून जा."

उघाडीची वाट बांधाच्या आतल्या पायथ्याने जाते. तिथून खाडी दिसत नाही.

थोड्या वेळाने चुलतभाऊ अमोलचा फोन आला.

"पानी बांधावरनं आलं गो. उघाडीजवळ बांध फुटून खांड पडली. काका गेले. हाताला लागले तवा जीव नव्हता." मग तो चिडून म्हणाला, "अशा उधानात त्यांना तिकडं धाडलं कुनी?"

भाविकाने मोबाइलकडे पाहिलं. गेटर अजून सेटरने धरून ठेवलेला जुना नऊच सांगत होता.

"मी," ती म्हणाली.